नाव नसलेले बटन आणि ग्राहकाचा ‘निष्काळजीपणा’

मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतले एक काका माझ्या कार्यालयात आले. जन्मापासून अंध. एके काळी चौकात त्यांचे एसटीडी-पीसीओचे बूथ होते, अपंगांच्या कोट्यातून मिळालेले. बोटांनी आकडे चाचपून ते कोणाचाही नंबर लावून देत. त्या बूथवर त्यांनी दोन मुलींची शिक्षणे केली. मोबाईल आला आणि बूथ गेले. पण काका रडत बसणाऱ्यांतले नव्हेत. ज्या मोबाईलने धंदा बुडवला तोच त्यांनी हाती घेतला, पडदा वाचून दाखवणारे ‘टॉकबॅक’ शिकून घेतले आणि वीजबिल, गॅस, मुलीला पाठवायचे हजार-पाचशे, सारे व्यवहार स्वतः करू लागले.

मग त्यांच्या खाजगी बँकेने आपले अ‍ॅप ‘नवे’ केले. रंग बदलले, चित्रे आली. पूर्वी जिथे बोट ठेवले की ‘पैसे पाठवा’, ‘शिल्लक पाहा’ असे ऐकू येई, तिथे आता फक्त ‘बटन’ असे ऐकू येऊ लागले. वर बटन, खाली बटन, बाजूला बटन. कोणते कशाचे हे डोळस माणसाला चित्रावरून कळते, काकांना कसे कळावे? पंधरा दिवस त्यांनी खटपट केली. शेवटी शेजारच्या पोराला पिन सांगितला. दोन महिने बिले बरोबर भरली गेली. तिसऱ्या महिन्यात खात्यातून चार हजार सातशे रुपये गेले. ते पोराने नेले की पोराला फसवून दुसऱ्या कोणी, हा भाग वेगळा. बँकेचे उत्तर एका ओळीचे होते : ग्राहकाने स्वतः पिन दुसऱ्यास दिला, सबब बँक जबाबदार नाही.

“जयभीम वकीलसाहेब,” काका म्हणाले. “पिन दिला हे खरं आहे. पण मी दुसरं काय करायला पाहिजे होतं, ते तुम्हीच सांगा.”

वरवर पाहता बँकेचे बरोबर वाटते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरवले की, ग्राहकाने निष्काळजीपणे आपली गुप्त माहिती दुसऱ्याला दिली तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याने सोसावे. परंतु त्याच परिपत्रकाची दुसरी बाजू बँका सहसा सांगत नाहीत. बँकेच्या बाजूने निष्काळजीपणा किंवा त्रुटी असेल, तर ग्राहकावर कसलाच बोजा पडत नाही. मग माझा सरळ सवाल असा की, बटनाला नाव न देणे ही त्रुटी नाही काय? अंध माणसाला दुसऱ्याच्या हाती पिन देण्यावाचून मार्गच ठेवायचा नाही आणि पिन दिला की त्यालाच निष्काळजी ठरवायचे, हा कुठला न्याय?

पुष्कळांना वाटते की सुगम्यता ही कंपन्यांची मेहेरबानी आहे. तसे नाही, वाचकहो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ४६ स्पष्ट सांगते की सेवा देणारा सरकारी असो वा खाजगी, त्याने नियम निघाल्यापासून दोन वर्षांत आपली सेवा नियमांप्रमाणे सुगम्य करावी. नियम जून २०१७ मध्ये निघाले. म्हणजे मुदत जून २०१९ मध्येच संपली! कलम ८९ मध्ये पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येकाला पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत दंड आहे. २०२२ मध्ये डॉक्टरांची वेळ घेण्याच्या ‘प्रॅक्टो’ या अ‍ॅपविरुद्ध एका अंध वकिलाने तक्रार केली, तेव्हा केंद्रीय मुख्य आयुक्तांनी खाजगी कंपनीही या कायद्याने बांधलेली आहे असेच ठरवले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तर नियमांतली ढिलाईच काढून टाकली. सुगम्यतेचे किमान निकष सक्तीचेच असले पाहिजेत, निव्वळ मार्गदर्शक सूचना चालणार नाहीत, असे बजावले. (जाता जाता : अपंगांना ‘दिव्यांग’ म्हणा, असा आदेश वरून आला. ‘हरिजन’ म्हणवून घेण्याचा अनुभव असलेल्या समाजाला गोड नावाची किंमत सांगायला नको.)

या प्रश्नाचे मूळ आपल्या ओळखीच्या जागी आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत आजच्या कलम १५ वर चर्चा चालू असताना ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ काय, असे विचारले गेले. बाबासाहेबांनी उत्तर दिले की, हा शब्द केवळ आत शिरू देण्यापुरता नाही. जो कोणी आपली सेवा लोकांपुढे ठेवतो त्याचे ते दुकान. मग तो न्हावी असो, धोबी असो की आमच्यासारखा वकील. २०११ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच व्यापक अर्थ धरून खाजगी शिक्षणसंस्थांनाही त्या कलमाखाली आणले. कलम १५ मध्ये अपंगत्वाचा उल्लेख नाही, हे मी वकील म्हणून लपवणार नाही. ती उणीव २०१६ च्या कायद्याचे कलम ३ भरून काढते. पण दुकान म्हणजे भिंती नव्हेत, सेवा होय, हा अर्थ एकदा मान्य केला की अ‍ॅप हे दुकानच ठरते, आणि नाव नसलेले बटन म्हणजे आतून घातलेली कडी.

ही कडी काढायला किती खर्च येतो? अ‍ॅप लिहिणाऱ्या मुलाने प्रत्येक चित्रामागे दोन शब्द लिहायचे असतात : ‘पैसे पाठवा’. कॅप्चाची वेडीवाकडी अक्षरे ज्याला दिसत नाहीत त्याच्यासाठी दुसरा मार्ग ठेवायचा. ओटीपीची मुदत अशी ठेवायची की संदेश ऐकून, परत येऊन आकडे भरता येतील. चित्रफितीखाली बहिऱ्या माणसासाठी मजकूर द्यायचा. ज्याचा हात थरथरतो त्याला माऊसशिवाय, नुसत्या कळफलकावर फॉर्म भरता आला पाहिजे. याचे आंतरराष्ट्रीय निकष १९९९ पासून आहेत, आपल्याकडे भारतीय मानक आयएस १७८०२ आहे. इमारत बांधतानाच उतार ठेवला तर तो स्वस्तात होतो, नंतर जिना फोडून करायचा तर महाग पडतो. अ‍ॅपचेही तेच. शिवाय एकदा करून भागत नाही. काकांचे जुने अ‍ॅप चांगलेच होते की! ते बिघडले ‘सुधारणे’च्या दिवशी. म्हणून प्रत्येक नवी आवृत्ती बाजारात सोडण्यापूर्वी अंध माणसाच्या हाती दिली पाहिजे, आणि तेही पगार देऊन. कंपनीच्या तपासणी विभागात असा एक जरी माणूस नोकरीला असता, तर ती आवृत्ती पहिल्याच दिवशी अडली असती.

हेच ३० एप्रिल २०२५ च्या निकालात आहे. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून बँकेत खाते उघडायला गेल्या, तेव्हा केवायसीसाठी कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटून दाखवा, असे सांगण्यात आले. हल्ल्याने ज्यांचे डोळेच घायाळ केले त्यांनी पापण्या कशा मिटाव्यात? त्यांच्या आणि अमर जैन या अंध वकिलाच्या याचिकांवर न्यायमूर्ती पारडीवाला व महादेवन यांनी डिजिटल सेवेपर्यंत पोहोचणे हा कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि वीस निर्देश दिले. पापण्यांना पर्याय द्या, अंगठा चालवून घ्या, कागदावरचे केवायसी बंद करू नका, ठरावीक काळाने तपासणी करा आणि चाचणीत अंध व्यक्तींना सामील करा.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग मोजले गेले. देशात हे प्रमाण २.२१ टक्के होते, अनुसूचित जातींत २.४५. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरचाही आहे. आणि आपल्या घराकडेही पाहूया. जयंतीची पत्रिका, धम्मपरिषदेचे निमंत्रण, मोर्चाचे आवाहन आपण व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र करून पाठवतो. टॉकबॅकला ते बहुधा ‘फोटो’ एवढेच वाटते. आपली कितीतरी पत्रके जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. स्क्रीन रीडर ती वाचू लागला की नुसता गोंगाट ऐकू येतो. चित्राबरोबर मजकूर टाईप करून पाठवायला दोन मिनिटे लागतात. माझ्या कार्यालयाच्या नोटिसाही मागच्या वर्षीपर्यंत स्कॅन करूनच जात होत्या, हे कबूल करतो.

काकांच्या तक्रारीनंतर बँकेने ‘विशेष बाब’ म्हणून दोन हजार तीनशे पन्नास रुपये परत देऊ केले, पुढे दावा करणार नाही अशा लेखी हमीवर. काकांनी सही केली नाही. आता एक अर्ज रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे गेला आहे आणि दुसरा पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे. या दुसऱ्या अर्जाला वकील लागतोच असे नाही, साध्या मराठीत स्वतः लिहिलेला चालतो. आम्ही त्याला अ‍ॅपचे ध्वनिमुद्रण जोडले आहे. त्यात काकांचे बोट पडद्यावर फिरते आहे आणि फोन सांगतो आहे : बटन, बटन, बटन.