पॅनल नाही, लिंक येते

अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन. मुंबई-नागपूर लोहमार्गावरचं ते चांदूर रेल्वे आणि संत्र्याच्या पट्ट्यातलं ते चांदूर बाजार. पहिल्याच्या नावातच गाडी आहे. दुसऱ्याला मात्र गाडी दिसायला नरखेड-अमरावती हा नवा मार्ग होईस्तोवर वाट पाहावी लागली. अमरावती चांदूर बाजारपासून चाळीसेक किलोमीटर. रस्त्याच्या या टोकाला टोम्पे महाविद्यालय आहे, कला, वाणिज्य आणि विज्ञान शिकवणारं. त्या टोकाला अभियांत्रिकी महाविद्यालयांची रांग आहे. संगणक कंपन्यांचं ‘कॅम्पस’ गेली कित्येक वर्षं भरत आलं ते त्या टोकाला.

त्या रांगेचं वय फार नाही. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1964 चं. बडनेऱ्याचं राम मेघे आणि शेगावचं संत गजानन महाराज ही दोन्ही 1983 ची, आणि नागपूर विद्यापीठातून वेगळं होऊन अमरावती विद्यापीठ उभं राहिलं तेही त्याच वर्षीच्या 1 मे रोजी. पश्चिम विदर्भातल्या पोरापोरींना घराजवळ इंजिनीअर होता येऊ लागलं आणि पुढच्या दीड-दोन दशकांत पुण्या-बंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपन्यांना माणसं कमी पडू लागली. दोन्ही गोष्टी जुळून आल्या.

कॅम्पसच्या दिवसाचा क्रम आता घरोघरी पाठ आहे. आधी कंपनीचं सादरीकरण, मग ‘ॲप्टी’ म्हणजे कल चाचणी, त्यातून तरलेल्यांची तांत्रिक मुलाखत, शेवटी एचआर. आसपासच्या अनेक महाविद्यालयांची मुलं एकाच ठिकाणी बोलावली तर त्याला ‘पूल कॅम्पस’ म्हणायचं. हा सगळा मांडव सांभाळणारा माणूस म्हणजे टीपीओ, प्रशिक्षण आणि प्लेसमेंट अधिकारी. संत्र्याच्या मुलखात हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही. व्यापारी येतो, फळ झाडावर असतानाच बगीचा पाहतो, अंदाज बांधतो आणि इसार देऊन जातो. ऑफर लेटर हा तसाच इसार. पदवीचं शेवटचं वर्ष अजून संपायचं असतं.

व्यापारी कोणत्या बगीच्यात शिरणार, हा खरा प्रश्न. चांदूर बाजारसारख्या गावच्या बी.एस्सी.च्या वर्गात कोणी का शिरावं? याचं एक उत्तर विप्रोने 1995 मध्ये दिलं. ते समजून घ्यायला थोडं खानदेशात जावं लागतं.

विप्रो मुळात अमळनेरची. 1945 च्या डिसेंबरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने ती स्थापन झाली; धंदा वनस्पती तुपाचा. 1966 मध्ये संस्थापक महंमद हाशम प्रेमजी वारले तेव्हा मुलगा अझीम अमेरिकेत स्टॅनफर्डला इंजिनीअरिंग शिकत होता, वय एकवीस. शिक्षण तसंच टाकून तो परतला. 1978 मध्ये आयबीएमने भारतातून काढता पाय घेतला, त्या रिकाम्या जागेत संगणक बनवायला जे पुढे आले त्यांत ही तुपाची कंपनी होती. प्रेमजींनी स्वतःची राहिलेली पदवी पूर्ण केली ती तीसेक वर्षांनी, कंपनी चालवता चालवता.

नोकरी करता करता पदवी, ही गोष्ट मग याच कंपनीने भरतीची रीत म्हणून रुजवावी, हा योगायोग मोठा मजेशीर आहे. योजनेचं नाव ‘वेस’, विप्रो ॲकॅडमी ऑफ सॉफ्टवेअर एक्सलन्स. पिलानीच्या बिट्स संस्थेशी करार. बी.एस्सी. झालेला मुलगा कामावर घ्यायचा, आठवडाभर त्याने प्रकल्पावर काम करायचं, सुटीच्या दिवशी वर्गात बसायचं आणि चार वर्षांनी त्याच्या हाती सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगची पदव्युत्तर पदवी. फी कंपनीची. आता हीच वाट ‘वर्क इंटिग्रेटेड लर्निंग प्रोग्रॅम’ या नावाने चालते, बी.सी.ए. आणि बी.एस्सी. दोघांनाही ती खुली आहे आणि शेवटी एम.टेक. मिळते.

यात उपकार शोधू नयेत. नव्वदच्या दशकात संगणक इंजिनीअर मोजके होते, आणि जे होते त्यांचा एक डोळा अमेरिकेवर. दोन वर्षांत नोकरी बदलणाऱ्या इंजिनीअरपेक्षा पदवीच्या ओढीने चार वर्षं टिकणारा गणिताचा पदवीधर कंपनीला परवडतो, आणि स्वस्तातही पडतो. अलीकडच्या वर्षांत या योजनेत पहिल्या वर्षी महिन्याला पंधरा हजारांच्या आसपास विद्यावेतन होतं, दरवर्षी थोडं वाढणारं. सोबत साठ महिने सोडून न जाण्याचा करार. साठ महिने म्हणजे पाच वर्षं. बाविसाव्या वर्षी सही करताना ती थोडी वाटतात.

तरी या वाटेचं मोल कमी लेखता येत नाही. चांदूर बाजार, अचलपूर, मोर्शीकडच्या ज्या घरात अभियांत्रिकीची फी झेपत नाही, तिथलं हुशार पोर जवळच्या महाविद्यालयात बी.एस्सी. करतं. त्याच्यापुढे पारंपरिक पर्याय तीन: बी.एड., स्पर्धा परीक्षा, नाहीतर औषध कंपनीची फिरती. चौथा पर्याय पुण्या-बंगळुरूत नेऊन एम.टेक. करून देतो, हे कुणी वेळेवर सांगितलं तर फरक पडतो. टीसीएसनेही पुढे ‘इग्नाइट’ या नावाने विज्ञान पदवीधरांना सॉफ्टवेअरमध्ये आणणारा प्रशिक्षण कार्यक्रम काढला. त्याआधी इन्फोसिसने 2004 मध्ये ‘कॅम्पस कनेक्ट’ सुरू केलं होतं: कंपनीने आपला पाया अभ्यासक्रम महाविद्यालयांना द्यायचा, प्राध्यापकांना शिकवायचं, मुलं तयार होऊनच बाहेर पडतील असं पाहायचं. ते मात्र अभियांत्रिकीपुरतं. अशा कार्यक्रमांचे सामंजस्य करार चौकटीत बसवून प्राचार्यांच्या दालनात टांगायची हौस मात्र सगळ्याच महाविद्यालयांना लागली. नॅकच्या मूल्यांकनात प्लेसमेंटचे आकडे मागतात, हेही त्यामागचं एक कारण.

मग मुलाखती घेणारं कंपनीचं पॅनल येणंच कमी होऊ लागलं. 2018 मध्ये टीसीएसने ‘नॅशनल क्वालिफायर टेस्ट’ आणली. तोवर कंपनी निवडक महाविद्यालयांत माणसं पाठवी. आता यादीत नाव नसलेल्या महाविद्यालयाचा विद्यार्थीही त्याच परीक्षेला बसू शकतो. गुणांवरून अभियांत्रिकीचा विद्यार्थी तेव्हा ‘निंजा’ ठरे की ‘डिजिटल’. निंजाला तेव्हा वर्षाचे 3 लाख 36 हजार मिळत, डिजिटलला जवळपास दुप्पट. गंमत अशी की तीन-साडेतीन लाखांचा हा सुरुवातीचा आकडा दहा-बारा वर्षांत फारसा हललेला नाही, घरभाडं आणि डबा मात्र हलले. कोरोनाच्या काळात मुलाखतीही पडद्यावर गेल्या आणि बऱ्याच तिथेच राहिल्या. व्हॉट्सॲप गटावर लिंक येते, शेवटची तारीख येते, आणि खाली कुणीतरी विचारतं, ‘सर, बॅक असली तर चालते का?’

या लिंकने एक अन्याय कमी केला, हे कबूल करावं. शेगावच्या मुलासाठी कंपनी येते आणि चांदूर बाजारच्या मुलीसाठी येत नाही, हा भेद पूर्वीइतका उरला नाही. पण लिंकसोबत टीपीओ येत नाही. अभियांत्रिकीत मुलांना चार महिने आधीपासून ॲप्टीचा सराव देणारी यंत्रणा असते. तालुक्याच्या महाविद्यालयात हे काम रसायनशास्त्राचे किंवा गणिताचे एखादे प्राध्यापक तासिका सांभाळून करतात. इंग्रजीत परिच्छेद टंकून दाखवायचा भाग येतो तेव्हा वऱ्हाडीत सपासप बोलणारी, मराठी शाळेतून आलेली मुलं अडखळतात. गणितात ती अडखळत नाहीत.

इसाराचाही भरवसा देता येत नाही. 2022 मध्ये इन्फोसिसने निवडलेल्या सुमारे दोन हजार पदवीधरांना रुजू व्हायला दोन वर्षं लागली. पुण्याच्या ‘नाइट्स’ या कर्मचारी संघटनेने 2024 मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. दिलेली पत्रं आपण पाळणार, असं कंपनीचं म्हणणं होतं. पुढे फेब्रुवारी 2025 मध्ये म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रातून अंतर्गत परीक्षेत नापास झालेल्या तीनशेहून अधिक नवख्यांना घरी पाठवलं गेलं. गावात पेढे वाटून झालेले असतात, त्यामुळे अशी बातमी इथे शहरापेक्षा जड जाते.

इंटर्नशिपची कथा आणखी वेगळी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून पदवीचा आराखडा बदलला आणि प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक आले. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने चांदूर बाजारात हा अनुभव घ्यायचा कुठे? बँक, सेतू केंद्र, कृषी सेवा केंद्र, पॅथॉलॉजी लॅब, हिशेब करणाऱ्याचं कार्यालय. हेही वाईट नाही. आडत्याच्या नोंदी संगणकावर आणून देणं हा पोकळ प्रमाणपत्रापेक्षा चांगला प्रकल्प होईल. पोकळ प्रमाणपत्रं पैसे भरून ऑनलाइन मिळतात आणि मुलाखत घेणाऱ्याला ती ओळखू येतात. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली: आघाडीच्या 500 कंपन्या, 21 ते 24 वयाची मुलं, वर्षभर काम, महिन्याला 5,000 रुपये आणि सुरुवातीला एकदा 6,000. गावी राहून जमणाऱ्याला हे पैसे पुरतात. पुण्यात कॉट घेऊन राहणाऱ्याला घरून मागवावे लागतात.

दरम्यान कंपन्या आणखी एक पायरी खाली उतरल्या आहेत. एचसीएलने 2017 मध्ये ‘टेकबी’ सुरू केलं. बारावी झालेल्यांना प्रशिक्षण, मग इंटर्नशिप, मग नोकरी, आणि जोडीला पदवी. कंपनीचं एक केंद्र नागपूरच्या मिहानमध्ये आहे, म्हणजे वऱ्हाडातून बंगळुरूपेक्षा बरंच जवळ. प्रशिक्षणाचं शुल्क उमेदवाराने भरायचं, हवं तर कर्ज काढून आणि पगारातून फेडून. चांगल्या गुणांना सवलत. विप्रोची वाट उलट आहे, तिथे कंपनी पैसे भरते. दोन्ही पत्रकं शेजारी ठेवून वाचायला हवीत, आणि आईवडिलांसमोर मराठीत वाचून दाखवायला हवीत.

एक अट मात्र दोन्हींकडे सारखी आहे: गणित. विप्रोला ते पदवीला हवं, एचसीएलला बारावीला. आपल्याकडे त्याचा फैसला दहावीनंतर जूनमध्ये होतो. अकरावीच्या अर्जात ‘ग्रुप’ निवडताना डॉक्टर, नर्सिंग, फार्मसी यांची चर्चा होते, जीवशास्त्र धरलं जातं आणि गणित ‘नीटला लागत नाही’ म्हणून सुटतं. नीटमध्ये नंबर न लागलेली यातली बरीच मुलं बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र घेऊन बसतात. तिसऱ्या वर्षाला लिंक त्यांच्याही मोबाइलवर येते, पण पात्रतेच्या रकान्यापाशी त्यांचा अर्ज थांबतो. कंपन्यांची माणसं अमरावतीला येतात ती शेवटच्या वर्षाच्या वर्गांसाठी. तालुक्याच्या शाळेत, दहावीच्या निकालानंतरच्या त्या पंधरा दिवसांत त्यांनी यावं, अशी कल्पना अजून कुणाच्या वेळापत्रकात नाही.