‘अनुभव : नाही’ असं लिहिण्याआधी

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षातल्या मुलाला बायोडेटा लिहायला सांगितला की बेळगाव-निपाणी पट्ट्यात एकाच छापाचा कागद समोर येतो. नाव, पत्ता, टक्केवारी, खाली ‘छंद : वाचन, प्रवास, क्रिकेट’ आणि अनुभवाच्या रकान्यात ‘नाही’. याच मुलानं गल्लीच्या मंडळाची पावतीपुस्तकं सांभाळलेली असतात, दिवाळीच्या किल्ल्यासाठी माती आणि पोती जमवलेली असतात, पोलीस ठाण्यात जाऊन परवानगी काढलेली असते. त्याला हे काम वाटतच नाही, कारण त्याचे पैसे मिळाले नाहीत आणि त्यावर कुणाचा शिक्का उठला नाही. मग तो मुलाखतीला रिकाम्या हातानं जातो. या नुकसानीला परिस्थितीपेक्षा काही रुजलेले समजच अधिक कारणीभूत आहेत.

गैरसमज : किल्ला, मंडळ, मिरवणूक ही वेळ घालवायची कामं आहेत

बेळगावात दिवाळीचा किल्ला हा लहान मुलांचा खेळ राहिलेला नाही. गल्लोगल्लीची तरुण मुलं रायगड, राजगड, प्रतापगडाच्या मोठ्या प्रतिकृती उभारतात आणि त्यासाठी कित्येक दिवस आधीपासून कामाला लागतात. गडाचा नकाशा मिळवायचा, जमलं तर गडावर जाऊन यायचं, मोजमापं छोट्या प्रमाणात उतरवायची. सांगाडा कशाचा करायचा, परतीचा पाऊस आला तर पाणी कुठून काढायचं, सामानाचा खर्च वर्गणीत कसा बसवायचा, हे सगळं ठरवावं लागतं. किल्ला तयार झाला की लोक बघायला येतात आणि एखादी मुलगी किंवा मुलगा काठी घेऊन प्रत्येक घोळक्याला माची, बुरूज, चोरवाट समजावून सांगतो. शंभर अनोळखी माणसांसमोर तीच माहिती न कंटाळता, समोरचा माणूस पाहून कमी-जास्त करत सांगणं सोपं नाही. दुकानात, बँकेच्या काउंटरवर, पर्यटनात आणि शाळेत याच गोष्टीसाठी माणसं हवी असतात.

मापाचं हे भान कारखान्यातही लागतं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत पॅटर्न बनवताना ओतलेला धातू थंड होऊन आकसणार हे धरून मापं थोडी वाढवावी लागतात. करड्या बीडाच्या कास्टिंगसाठी ही वाढ साधारण एक टक्क्याच्या आसपास असते. किल्ला करणारा मुलगा तेवढ्यानं पॅटर्नमेकर होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण प्रमाण म्हणजे काय, कागदावरचं माप प्रत्यक्षात उतरवताना कुठे चुकतं, हे त्याच्या हातांना माहीत असतं. आयटीआय किंवा डिप्लोमाच्या मुलाखतीत त्यानं हे सांगितलं, तर ऐकणारा कारखान्यातला माणूस कान देऊन ऐकेल.

गणेशोत्सवाचंही तसंच. हेस्कॉमकडून तात्पुरती वीज, महापालिका आणि पोलिसांकडून परवानग्या, त्यासाठी कन्नडमध्ये अर्ज, मंडपवाल्याशी दराची घासाघीस, शेवटी जमाखर्च. शिवजयंतीच्या चित्ररथात वेळ, आवाज, वाहन आणि वीस-पंचवीस कलाकार एकाच तालावर ठेवावे लागतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. तिथे ग्रंथदिंडी, पाहुण्यांचा प्रवास, पुस्तकांचे स्टॉल, सूत्रसंचालन अशी ढीगभर कामं असतात. गावातला एक विद्यार्थी यातलं एखादं काम अंगावर घेऊन पार पाडत असेल, तर त्यानं कार्यक्रमाचं व्यवस्थापन केलेलं आहे.

मात्र ‘मंडळाचा सदस्य’ एवढं सांगून काही साधत नाही. ढोलामागे नाचणाराही सदस्यच असतो.

गैरसमज : मराठी माध्यमात शिकलो, म्हणजे भाषेत मागे

सीमाभागातल्या मुलाच्या मनात हा समज सर्वांत खोल बसलेला असतो आणि त्यानं होणारं नुकसानही सर्वांत मोठं असतं. घरात मराठी, कचेरीत कन्नड, टीव्हीवर हिंदी, कॉलेजात इंग्रजी. या चारही भाषांत थोडंफार निभावणारं मूल स्वतःला ‘कुठलीच भाषा धड येत नाही’ असं म्हणत फिरतं. वस्तुस्थिती अशी की अनेक सरकारी भरत्यांमध्ये स्थानिक भाषा ही लेखी अट असते. टपाल खात्याच्या ग्रामीण डाक सेवक भरतीत त्या सर्कलची स्थानिक भाषा दहावीपर्यंत शिकलेली असावी लागते. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा दहावीच्या गुणपत्रिकेत असतील, तर महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही सर्कलची ही अट तिथेच पूर्ण होते. स्टेट बँकेच्या क्लार्क भरतीत दहावी किंवा बारावीच्या गुणपत्रिकेत ती भाषा दिसली, की वेगळी भाषाचाचणी द्यावी लागत नाही. म्हणून शाळेत ‘नाइलाजानं’ घेतलेली कन्नड गुणपत्रिकेत जपून ठेवा.

याच ग्रामीण डाक सेवक भरतीच्या अटींमध्ये सायकल चालवता येणंही आहे. ज्याला आपण कौशल्यात धरतही नाही, ते तिथे पात्रतेच्या यादीत छापलेलं असतं.

परीक्षेची भाषाही बदलली आहे. कर्मचारी निवड आयोगाची एमटीएस परीक्षा 2023 पासून हिंदी-इंग्रजीखेरीज मराठी आणि कन्नड धरून 13 प्रादेशिक भाषांत होते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या कॉन्स्टेबल भरतीची परीक्षा 2024 पासून तशीच. इंग्रजी शिकायला हवीच, यात दुमत नाही. पण ती नीट येईपर्यंत बाकी तीन भाषांची किंमत शून्य धरायचं कारण नाही. आजीला दवाखान्यात नेऊन कन्नड बोलणाऱ्या डॉक्टरांचं म्हणणं तिला मराठीत समजावणारी निपाणीची मुलगी दुभाष्याचं काम करते. रुग्णालयाच्या स्वागतकक्षाला, विमा कंपनीला, दोन राज्यांत माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला अशीच माणसं लागतात.

गैरसमज : एन.एस.एस. आणि एन.सी.सी. प्रमाणपत्रापुरतं

राष्ट्रीय सेवा योजना (एन.एस.एस.) 24 सप्टेंबर 1969 ला सुरू झाली. तिच्यात दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. निपाणीला लागून असलेलं अर्जुननगरचं देवचंद कॉलेज कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. बेळगावची कॉलेजं राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे. विद्यापीठ कुठलंही असो, शिबिरात करायचं काम सारखंच. गावाचं सर्वेक्षण करायचं म्हणजे घरोघरी जायचं, अनोळखी बाईकडून खरी माहिती मिळवायची, ती तक्त्यात मांडायची. अनेक मुलं हे करतात आणि बायोडेटात मात्र फक्त ‘एन.एस.एस. स्वयंसेवक’ लिहितात.

ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या पुरात वेदगंगेचं पाणी निपाणीजवळ यमगर्णी भागात महामार्गावर आलं. अशा दिवसांत ज्यानं पूरग्रस्त कुटुंबांची यादी केली, धान्याची पाकिटं मोजून वाटली आणि एकाच घरी दोनदा मदत जाणार नाही हे पाहिलं, त्याला साठा आणि वाटपाचा अनुभव आहे. गोदामात नोकरी मागताना त्यानं हे सांगायलाच हवं.

एन.सी.सी.चा फायदा तर थेट आहे. सैन्यातल्या एन.सी.सी. विशेष प्रवेशात किमान ‘बी’ श्रेणीतलं ‘सी’ प्रमाणपत्र आणि पदवीला 50 टक्के गुण असलेला उमेदवार लेखी परीक्षेशिवाय एस.एस.बी. मुलाखतीपर्यंत जाऊ शकतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र ज्या बेळगावात आहे, तिथल्या मुलांना हे माहीत नसावं याचं वाईट वाटतं.

गैरसमज : घरचं काम सांगायचं नसतं

निपाणीत अनेक घरं बिडीवर चालली आहेत. पानं किती आली, तंबाखू वजनात किती, हजारी किती भरली, छाट किती निघाली, मजुरी किती बसली, हा हिशोब आईसाठी लिहून ठेवणारी मुलगी चोख नोंदवही ठेवत असते. बिडी वळणं हे लहान मुलांचं काम नाही आणि त्या कष्टांचं कौतुक मला करायचं नाही. पण ज्या मुलीनं शिकताना हा हिशोब सांभाळला, तिनं तो लपवावा असं त्यात काय आहे? बेळगावच्या शहापूर-वडगावातल्या मागावर वडिलांना सुताचा हिशोब करून देणाऱ्या मुलाचंही तेच.

गैरसमज : पदवीचा अभ्यास नोकरीत उपयोगी पडत नाही

इतिहासाचा प्रकल्प करताना जुनी कागदपत्रं शोधणं, दोन स्रोत जुळत नसतील तर कुठला धरायचा हे ठरवणं, भूगोलाच्या सहलीचा अहवाल लिहिणं, हे सगळं त्या अभ्यासातच होतं. फक्त विषयाचं नाव आणि गुण लिहून थांबू नका. त्या विषयासाठी प्रत्यक्ष काय केलं, ते एका ओळीत लिहा.

आता हे कागदावर कसं उतरवायचं? समजा, एखाद्यानं लिहिलं, ‘गणेशोत्सव मंडळाचा कार्यकर्ता.’ त्याऐवजी त्याला असं लिहिता येईल : ‘सलग दोन वर्षं गल्लीतल्या 140 घरांची वर्गणी गोळा केली, पावत्यांचा रोज मेळ घातला, विसर्जनानंतर आठवड्यात जमाखर्च सभेत मांडला.’ आकडा खराच हवा. तो लहान असला तरी चालेल, फुगवलेला मात्र दुसऱ्या प्रश्नातच उघडा पडतो. नोकरीची जाहिरात समोर ठेवा, तिच्यात मागितलेल्या दोन-तीन गोष्टी अधोरेखित करा आणि आपल्या कामांपैकी फक्त त्यांच्याशी जुळणारीच लिहा. हिशोबनिसाच्या जागेसाठी किल्ल्याचं वर्णन नको, किल्ल्याचा खर्च हवा.

शिक्काच हवा असेल, तर त्याचीही सोय आहे. 2015 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे 1200 तास म्हणजे 40 श्रेयांक धरले आहेत आणि वर्गाबाहेरचं शिक्षणही त्यात मोजता येतं. फ्रान्सनं तर 2002 च्या कायद्यानं स्वयंसेवी कामाचा अनुभवही पदवी-प्रमाणपत्रासाठी ग्राह्य धरला.

सरकारी शिक्क्याची वाट पाहत थांबायची गरज मात्र नाही. मंडळाच्या अध्यक्षांकडून, संमेलनाच्या कार्यवाहांकडून, एन.एस.एस. अधिकाऱ्यांकडून काय काम केलं याचं चार ओळींचं पत्र लेटरहेडवर घ्या. तेही काम संपल्याच्या आठवड्यात, कारण वर्षानं त्यांना तपशील आठवणार नाही. जमाखर्चाची एक प्रत जवळ ठेवा. मग मुलाखतीत कुणी विचारलं, ‘हिशोब जुळला नाही तेव्हा काय केलं?’ तर कुठली पावती दोनदा धरली गेली होती आणि ती कशी सापडली, हे कागद समोर ठेवून सांगता येईल.