हा कुठला खेळ म्हणायचा?

बर्मिंगहॅम, 6 ऑगस्ट 2022. राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेतल्या 3000 मीटर स्टीपलचेसची शेवटची फेरी सुरू होती. तीन केनियन धावपटू आणि त्यांच्या पाठीला लागलेला अविनाश साबळे, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. आपल्या गंगाखेड तालुक्याची हद्द ओलांडली की परळीपासून बीड जिल्हाच सुरू होतो. आष्टी पार दुसऱ्या टोकाला असली तरी गंगाखेडकरांच्या हिशेबात पोरगा शेजारचाच. त्याने दोन केनियनांना मागे टाकलं आणि तिसऱ्याला जवळपास गाठलंच. अब्राहम किबिवोतची वेळ 8 मिनिटं 11.15 सेकंद, अविनाशची 8 मिनिटं 11.20. सुवर्ण पाच शतांश सेकंदांनी हुकलं. पण 1998 पासून सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं एकट्या केनियाने नेली होती. ती मक्तेदारी मराठवाड्याच्या पोराने मोडली.

मग प्रश्न सुरू झाले. स्टीपलचेस म्हणजे नक्की काय? नुसतं पळायचं की उड्याही मारायच्या?

दोन्ही. एका गावाच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावाच्या मनोऱ्यापर्यंत, वाटेतले बांध, कुंपणं, ओढे ओलांडत घोडे पळवायचे, ही ब्रिटिश बेटांवरची जुनी हौस. पुढे घोडे गेले आणि माणसं पळू लागली. आज पुरुषांच्या शर्यतीत साधारण तीन फूट उंचीचे 28 अडथळे असतात, शिवाय सात वेळा पाण्याचा खड्डा. हा अडथळा साध्या हर्डलसारखा धक्क्याने पडत नाही. तो जाड, भक्कम ओंडका असतो. पाय अडकला तर माणूसच पडतो. पाण्यापाशी बरेच धावपटू ओंडक्यावर पाय रोवून पुढे झेपावतात. खड्डा अडथळ्याजवळ खोल आणि पुढे उथळ होत जातो, म्हणून जितकी लांब उडी तितकं कमी पाणी. हे एकदा कळलं की बघणारा प्रत्येक फेरीला त्या खड्ड्याकडेच डोळे लावून बसतो.

अनोळखी खेळांची खरी गंमत इथेच आहे. क्रिकेट बघताना आपल्याकडे प्रत्येक जण तज्ज्ञ असतो, त्यामुळे निम्मा वेळ वाद घालण्यात जातो. अनोळखी खेळापुढे मात्र आजोबा आणि नातू एकाच पायरीवर. दहा मिनिटांत नियम कळतात आणि विसाव्या मिनिटाला दोघंही पंचावर चिडलेले असतात! त्याच बर्मिंगहॅममध्ये चार भारतीय महिलांनी लॉन बोल्समध्ये दक्षिण आफ्रिकेला 17-10 असं हरवून सुवर्ण जिंकलं. ते या खेळातलं भारताचं पहिलंच पदक. हिरवळीवरचा तो चेंडू मुद्दाम थोडा बेढब घडवलेला असतो, त्यामुळे वेग मंदावला की तो एका अंगाला वळत जातो, हे देशातल्या कितीतरी लोकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. चौघींत एक झारखंड पोलिसात शिपाई होती, एक दिल्लीत शाळेत खेळाची शिक्षिका.

खेळणाऱ्यांचं गणित वेगळं असतं. जिथे गर्दी कमी, तिथे खेड्यातल्या पोराला शिरायला फट सापडते. नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे दुष्काळी गाव. तिथला दत्तू भोकनळ विहिरी खोदणाऱ्या मजुराचा मुलगा. 2012 मध्ये तो फौजेत भरती झाला. त्याची उंची बघून पुण्यात त्याला नौकानयनाकडे वळवलं गेलं, तेव्हा त्याला पाण्याची भीतीच वाटायची. चार वर्षांनी तो रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये तेरावा आला. 2018 च्या आशियाई स्पर्धेत एकेरीच्या अंतिम शर्यतीत तब्येत बिघडल्याने तो शेवटचा आला, आणि दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नौकेत बसून त्याने सुवर्ण मिळवलं.

त्याच स्पर्धेत बेळगावजवळच्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवने कुराशमध्ये 52 किलो गटात कांस्य मिळवलं. ती मूळची ज्युदोची खेळाडू, घर शेतकऱ्याचं. कुराश ही उझबेकांची कुस्ती आणि आशियाई स्पर्धेत तिचं ते पदार्पणच होतं. अंगात जाकीट, कमरेला पट्टा. कमरेखाली पकड घ्यायची नाही, जमिनीवर लोळत झुंजायचं नाही. खाली गेलात की पुन्हा उभं राहून सुरुवात. प्रतिस्पर्ध्याला सरळ पाठीवर आपटलं की पंच ‘हलाल’ पुकारतो आणि लढत तिथेच संपते. जत्रेतल्या फडाभोवती बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. चितपट तो बरोबर ओळखतो.

या वाटेला एक काळी बाजूही आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, आणि अनोळखी खेळांची बोगस प्रमाणपत्रं काढून त्यावर डल्ला मारणारेही निघाले. पकडले गेले ते ठीकच, पण त्यांच्या पापाने मैदानात खरोखर घाम गाळणाऱ्या पोरांकडेही संशयाने बघितलं जातं.

पण अनोळखी कोणाला, हाही प्रश्न आहेच. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक तिथे गेलं आणि त्यांनी कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. तेव्हा ‘हा कुठला खेळ’ असं विचारायची पाळी जर्मन प्रेक्षकांची होती. कबड्डीला आशियाई स्पर्धेत पदकाचा मान 1990 मध्ये, बीजिंगला मिळाला. महिलांना तर 2010 पर्यंत थांबावं लागलं. 1990 ते 2014 पुरुषांची सातही सुवर्णं भारताकडेच आली, इतकी की कबड्डीचं पदक लोक आधीच खिशात घालून ठेवायचे.

जकार्ताने तो खिसा फाडला. 2018 च्या तिथल्या आशियाई स्पर्धेत भारताचे पुरुष उपांत्य फेरीत इराणकडून हरले. दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला 27-24 असं हरवलं. इराणच्या मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन! इराणला जाऊन त्या कामापुरती फारसी शिकल्या आणि मुलींच्या सरावात त्यांनी योगासनं आणि प्राणायाम आणला. ज्या गोदावरीच्या काठी जनाबाईंचं गंगाखेड आहे, तिच्याच वरच्या अंगाच्या शहरातल्या बाईंनी भारताचं सुवर्ण इराणला मिळवून दिलं. यावर कुणी हळहळावं, कुणी अभिमान बाळगावा. खेळाच्या दृष्टीने ती चांगलीच गोष्ट झाली. ज्या खेळात एकच देश जिंकतो, त्याला जगात कोण विचारणार?

खोखोही आता जगात पोहोचण्याच्या याच वळणावर आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांचं नेतृत्व महाराष्ट्राकडे होतं, पुरुषांचं प्रतीक वाईकरकडे आणि महिलांचं प्रियंका इंगळेकडे. पुरुषांच्या गटात ब्राझील आणि पेरूचेही संघ होते. अंतिम फेरीत दोन्हीकडे समोर नेपाळ होता. महिलांनी 78-40 असा एकतर्फी विजय मिळवला; पुरुषांनीही 54-36 अशी बाजी मारली. आशियाई स्पर्धेच्या पदकयादीत खोखो अजून आलेला नाही. दक्षिण आशियाई स्पर्धेत तो 2016 ला गुवाहाटीत आला, आणि नेपाळचा संघ तिथेही होता.