बाथरूमची फरशी झिजली, खालच्या घरात ओल आली: तोडफोड न करता कमी खर्चात काय करता येतं?

खालच्या मजल्यावरचे शेजारी दारात येतात आणि म्हणतात, "आमच्या बाथरूमच्या छताला ओल आलीय." मिस्त्रीला बोलावलं की तो एकच उपाय सांगतो: सगळं तोडून नवीन वॉटरप्रूफिंग. हा खर्च काही दहा हजारांत जातो. घर भाड्याचं असेल किंवा हातात पैसे नसतील, तर तो लगेच करणं शक्य नसतं.

दुसरीकडे इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर 'पाच मिनिटांत गळती बंद' असे व्हिडिओ फिरत असतात. बाटलीतलं द्रावण फरशीवर ओतायचं आणि काम झालं, असं त्यात दाखवतात. खरंच इतकं सोपं आहे का?

तात्पुरती दुरुस्ती होऊ शकते, पण ती प्रत्येक गळतीला लागू पडत नाही. त्यामुळे आधी पाणी नेमकं कुठून जातंय, हे शोधावं लागतं.

पाणी खाली जातं कसं?

टाइलमधून पाणी सहसा जात नाही, ते जातं दोन टाइलांमधल्या सांध्यांतून. या सांध्यांत भरलेलं ग्राउट बहुतेक वेळा सिमेंटचं असतं. रोजच्या पाण्याने आणि घासण्याने ते झिजतं. त्यात भर पडते ॲसिडची. टाइल्स चकचकीत करणाऱ्या अनेक क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते पांढरे डाग काढतं, तसंच सांध्यातलं सिमेंटही खातं.

सांधा उघडा पडला की पाणी टाइलखालच्या कोब्यात शिरतं. विटांचे तुकडे आणि सिमेंटचा हा थर स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो. त्याखालचं वॉटरप्रूफिंग जुनं झालं असेल, तर पाणी स्लॅबमध्ये उतरतं. खालच्या छतावर दिसणारी पांढरी पावडर म्हणजे काँक्रीटमधून विरघळून बाहेर आलेला चुना.

खरा धोका स्लॅबमधल्या सळयांना असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्यामुळे सळई आतून काँक्रीटला रेटा देते आणि एक दिवस छताचा पोपडा खाली पडतो.

आधी तीन तपासण्या

यासाठी खालच्या शेजाऱ्यांची मदत लागेल. छतावरच्या ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून ठेवायची.

१. दोन दिवस बाथरूम अजिबात वापरायचं नाही, पण पाण्याचा कॉक चालू ठेवायचा. कोब्यात साचलेलं पाणी काही काळ झिरपतच राहतं. म्हणून डाग रेघेच्या आत आटतोय की बाहेर पसरतोय, हे बघायचं. पसरत असेल, तर भिंतीतली किंवा फरशीखालची पाण्याची लाइन फुटलेली असू शकते. ते काम प्लंबरचं.

२. फरशी न भिजवता दोन-तीन बादल्या पाणी हळूहळू थेट नहाणी ट्रॅपमध्ये ओतायचं. खाली ओल वाढली, तर दोष ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या पाइपमध्ये आहे.

३. ट्रॅपमध्ये कापडाचा बोळा घट्ट बसवून फरशीवर थोडं पाणी काही तास साचू द्यायचं. आता ओल वाढली, तर सांधे, कोपरे किंवा ट्रॅपच्या कडा दोषी आहेत.

घरच्या घरी स्वस्तात दुरुस्त होण्यासारखा प्रकार हा तिसराच.

सामान किती लागतं?

४ फूट बाय ६ फुटांच्या बाथरूममध्ये एक फुटाच्या टाइल्स असतील, तर भिंतीकडची कड धरून सांध्यांची लांबी सुमारे ५८ फूट भरते. सांधा ३ मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर खोल धरला, तर एक किलो ग्राउट पुरून उरतं.

सिमेंटचं ग्राउट सर्वांत स्वस्त. इपॉक्सी ग्राउट त्याच्या काही पट महाग असतं, पण ते पाणी शोषत नाही आणि ॲसिडलाही बरंच टिकतं. हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची ट्यूब, इपॉक्सी पुटी, ब्रश आणि हॅकसॉ ब्लेड आणलं की सामान पूर्ण होतं. इपॉक्सी घेतलं तरी एकूण खर्च साधारण हजार-दीड हजारांच्या घरात बसतो.

व्हाइट सिमेंट आणखी स्वस्त पडतं, पण सुकताना ते आकसतं, त्याला बारीक तडे जातात आणि पाणी पुन्हा वाट काढतं.

दुरुस्ती कशी करायची?

जुनं ग्राउट खरवडा. बहुतेकांचं काम इथेच फसतं. जुन्या ग्राउटवर नवा पातळ थर दिला, तर तो काही आठवड्यांत निघतो. हॅकसॉ ब्लेडने सांधा निदान ४-५ मिलिमीटर खोल मोकळा करा. हातमोजे आणि चष्मा वापरा.

स्वच्छ करा. साबण आणि तेलाचा थर राहिला, तर काहीच चिकटत नाही. ॲसिडचा क्लीनर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

सुकू द्या. एकच बाथरूम असलेल्या घरात ही सर्वांत अवघड पायरी. निदान एक-दोन दिवस तरी लागतात, पावसाळ्यात जास्त. घरचे गावाला जाणार असतील ते दिवस निवडणं सोयीचं. टेबलफॅन लावायचा असेल, तर तो दाराबाहेर कोरड्या जागी ठेवा.

भरा. इपॉक्सी ग्राउट कालवल्यावर लवकर घट्ट होतं, म्हणून थोडं थोडं कालवा. सांध्यात दाबून भरा आणि टाइलवर सांडलेलं लगेच पुसा, कारण वाळल्यावर ते निघत नाही. ट्रॅपच्या जाळीभोवतीच्या फटीत आणि टाइलच्या तड्यात इपॉक्सी पुटी दाबून बसवा.

कोपऱ्यात सिलिकॉन. भिंत आणि फरशी मिळते तिथे किंचित हालचाल होत असते. कडक ग्राउट तिथे तडकतं, सिलिकॉन ताणलं जातं. बुरशीरोधक प्रकार घ्या.

त्यानंतर निदान २४ तास पाणी नको. पाकिटावर जास्त वेळ लिहिला असेल, तर तो पाळा. कोब्यातलं जुनं पाणी आटायला वेळ लागतो, त्यामुळे खालची ओल लगेच गेली नाही म्हणून काम फसलं असं समजू नका. दोन-तीन आठवडे पेन्सिलची रेघ बघत राहा.

मग त्या व्हिडिओंमधल्या द्रावणाचं काय?

पारदर्शक कोटिंग केसासारख्या बारीक फटी काही काळ बुजवतं. उघडा पडलेला सांधा ते भरू शकत नाही. शिवाय रोज पाय पडतात त्या जागी ते झिजतं आणि काही कोटिंगमुळे फरशी निसरडी होते. घरात वयस्कर माणसं असतील, तर हा धोका मोठा आहे.

कधी थांबायचं नाही?

टाइलवर टकटक केल्यावर पोकळ आवाज येत असेल, टाइल पायाखाली हलत असेल, खालच्या छताचा गिलावा पडत असेल किंवा सळई दिसत असेल, तर ग्राउट भरून उपयोग नाही. दिव्याजवळ ओल आली असेल, तर आधी तिथला वीजपुरवठा बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

फरशीचा उतार बिघडून पाणी तुंबत असेल, तर तेही ग्राउटने सुधारत नाही. तोवर आंघोळीनंतर वायपरने पाणी ओढून घेणं, एवढंच हातात असतं.

खर्च कोणाचा?

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून, पावसाच्या पाण्यामुळे किंवा बाहेरच्या सामाईक पाइपमुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने करायची असते. फ्लॅटच्या आतल्या बाथरूममधली गळती ही त्या फ्लॅटधारकाची जबाबदारी.

भाडेकरूंनी फरशीला हात लावण्याआधी घरमालकाला फोटोंसह लेखी कळवावं. व्हॉट्सॲपवरचा मेसेजही पुढे कामी येतो. ही दुरुस्ती काही महिने, नीट झाली तर त्याहून जास्त काळ निभावते. तेवढ्या वेळात पैसे जमवून कायमचं काम कोरड्या दिवसांत काढता येतं.