डॉक्टरांनी न पाहिलेली आकडी

बाळाला आलेली आकडी बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. एटापल्लीहून गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयात पोहोचायला मात्र गाडी दारात उभी असली तरी काही तास जातात. जारावंडी, गट्टा, कसनसूर या बाजूच्या आतल्या टोल्यांवरून निघालं, तर अर्धा दिवस मोडतो. डॉक्टरांच्या टेबलावर येतं ते शांत झोपलेलं लेकरू. कधीकधी तर चक्क खिदळणारं. पुण्या-मुंबईत अंतर पंधरा मिनिटांचं असतं, पण आकडी तेवढीही थांबत नाही. या आजाराचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा डॉक्टरांना जवळजवळ कुठेच बघायला मिळत नाही. तो बघते आई, नाहीतर आजी, आणि नेमक्या त्या वेळी काही नीट बघण्याच्या मनःस्थितीत ती नसते.

तरीही निदान उभं राहतं ते तिच्याच सांगण्यावर. मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, नंतर काढतात आणि तो नॉर्मल आला म्हणून आकडी नव्हतीच असं म्हणता येत नाही. एमआरआयने मेंदूची रचना दिसते, झटका दिसत नाही. ‘आकडी असू शकते, बघू या,’ हे डॉक्टरांचं वाक्य आई-बापांना टोलवाटोलवी वाटतं. बऱ्याचदा त्या क्षणी देता येण्यासारखं तेवढंच प्रामाणिक उत्तर असतं.

घरच्यांच्या नजरेचं मोल किती, याचा जुना दाखला इंग्लंडातला आहे. केंट परगण्यातल्या टनब्रिज गावी विल्यम जेम्स वेस्ट नावाचे सर्जन होते. त्यांचा मुलगा चार महिन्यांचा झाला आणि मान पुढे झुकवू लागला. आधी ती नुसती डुलकी वाटली. मग मान गुडघ्यांपर्यंत जायची, लगेच सैल पडायची, पुन्हा जायची. दहा-वीस वेळा, दोन-तीन मिनिटं, दिवसातून अनेकदा. वेस्टनी जळवा लावून पाहिल्या, जुलाब दिले, अफू दिली, हिरड्यांना चिरा दिल्या. कशाचाच उपयोग होईना. शेवटी 1841 साली त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं: माझ्या मुलाला असं असं होतंय, कुणाला काही माहीत असेल तर सांगा. मुलाची बुद्धीही मागे पडत चालली आहे, हेही त्यांनी नोंदवलं. त्या पत्रात उपाय एकही नव्हता, पण वर्णन इतकं तंतोतंत होतं की आजही बालमेंदूतज्ज्ञ त्या आजाराला ‘वेस्ट सिंड्रोम’ म्हणतात. सगळं निरीक्षण एका हवालदिल बापाचं होतं. हाताशी ना ईईजी, ना दुसरा रुग्ण.

हा आजार आपल्याकडे हमखास निसटतो. साधारण तीन ते सात महिन्यांच्या दरम्यान तो सुरू होतो, आणि ‘आकडी’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारं यात काहीच नसतं. तोंडाला फेस नाही, शरीर ताठ होऊन थडथडणं नाही. बाळ झोपेतून उठतं, दोन्ही हात फेकल्यासारखे उघडतं, मान आणि पोट आत ओढतं. सेकंद-दोन सेकंद. मग सैल. पाच-दहा सेकंदांनी पुन्हा. अशी माळच लागते आणि संपल्यावर बाळ रडतं. घरात कुणी म्हणतं दचकतंय, कुणी म्हणतं पोटात कळ येते, कुणी दृष्ट काढतं. दचकणं खरंच असतं, पण ते आवाजाने किंवा धक्क्याने होतं, एकेकटं होतं आणि चार-पाच महिन्यांत ओसरतं. झोपेतून उठल्याबरोबर ओळीने येणारे आणि रोज येणारे झटके म्हणजे दचकणं नव्हे. त्याच सुमाराला बाळ हसायचं थांबलं, नजर मिळवेनासं झालं, तर एक दिवसही घालवू नये. इथे उशीर झाला तर बुद्धीची वाढ मागे पडते, आणि पडलेली तूट पुढे भरून येणं कठीण असतं.

आता एटापल्लीतलं ओपीडीचं दृश्य बघा. आई माडिया बोलते. तिने पाहिलेलं ती आशाताईला माडियात सांगते: डोळे कुठे गेले, कोणता हात आधी हलला, ओठ कसे झाले. आशाताई डॉक्टरांना मराठीत सांगते, “बाळाले झटके आले जी.” डॉक्टर केसपेपरवर इंग्रजीत दोन शब्द लिहितात. आईच्या पाच वाक्यांचे शेवटी दोन शब्द होतात आणि गळतं नेमकं तेच, ज्यावरून आकडीचा प्रकार कळला असता. यात दोष कुणाचाच नाही. पण आता जवळजवळ प्रत्येक गावात कुणाकडे तरी कॅमेऱ्याचा मोबाईल असतो आणि व्हिडिओ काढायला रेंज लागत नाही. बाळाला कुशीवर वळवून झालं की दुसऱ्या कुणी तरी फोन धरावा. पूर्ण शरीर, चेहरा आणि डोळे दिसावेत, आणि आकडी थांबल्यावरही अर्धा मिनिट चित्रण चालू ठेवावं. माझ्या मते गेल्या काही वर्षांत दुर्गम भागातल्या बालमेंदूविज्ञानाला मिळालेलं सर्वांत स्वस्त उपकरण हेच आहे. तो व्हिडिओ नागपूरच्या तज्ज्ञांनाही दाखवता येतो, आणि त्याला दुभाषा लागत नाही.

मुळात बाळांनाच आकडी इतकी सहज का येते? याचं एक कारण मेंदूच्या घडणीत आहे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना उत्तेजित करतात, तशा थोपवतातही. थोपवण्याचं मुख्य काम ‘गाबा’ नावाचं रसायन करतं. मोठ्या माणसात गाबा पेशीची दारं उघडतं, क्लोराईड आत शिरतं आणि पेशी शांत होते. नवजात बाळाच्या पेशीत क्लोराईड आधीच ठासून भरलेलं असतं. दार उघडलं की ते बाहेर पडतं आणि पेशी उलट चेतवली जाते. ब्रेक दाबावा आणि गाडीने वेग घ्यावा, असा हा प्रकार. यहेझकेल बेन-आरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 साली उंदरांच्या पिल्लांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं. निसर्गाची ही चूक नाही. वाढत्या मेंदूतली जोडणी उभी राहायला हीच चेतना लागते. पण त्याची किंमत अशी, की फेनोबार्बिटोनसारखी गाबाच्या वाटेने काम करणारी औषधं नवजात बाळात तोकडी पडतात. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत फेनोबार्बिटोन किंवा फेनिटॉइन यांपैकी कोणत्याही एकाने आकडी आटोक्यात आलेली बाळं निम्म्याहून कमी निघाली.

मेंदूच्या तारांवरचं आवरणही त्या वयात अर्धवट असतं, म्हणून झटका सगळ्या शरीरभर पसरत नाही. पहिल्या महिन्यातली आकडी चोरपावलांनी येते. डोळे एकाच बाजूला खिळतात, तोंड चोखल्यासारखं हलतं, पाय हवेत पेडल मारतात, श्वास थांबून बाळ निळसर पडतं. नुसती थरथर असेल तर बाळाचा हात हलकेच धरला की ती थांबते. धरलेल्या हाताखालीही ठोके जाणवत राहिले तर आकडीचा संशय घ्यावा. थरथरही दुर्लक्ष करण्यासारखी नसते, कारण रक्तातली साखर उतरल्याचं ते लक्षण असू शकतं. जन्मताना श्वास कोंडणं, साखर किंवा कॅल्शियम उतरणं, जंतुसंसर्ग ही नवजात आकडीची नेहमीची कारणं, आणि यातली बरीचशी टाळता येतात.

हे टाळता येतं, हे जगाला दाखवून दिलं ते गडचिरोली जिल्ह्यानेच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांतल्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. न रडलेल्या बाळाला श्वास कसा द्यायचा, ऊब कशी राखायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि त्यावर इंजेक्शन कसं द्यायचं, हे त्यांना शिकवलं. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्येच आलेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांतला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी उतरला. 2011 पासून देशभरात आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी 42 दिवसांपर्यंत ज्या भेटी देतात, त्यांचं मूळ इथलं आहे. 2018 पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातल्या भेटींची त्यात भर पडली. वेस्टचा आजार उगवतो तो नेमका तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याच्या आगेमागे. ‘उठल्यावर बाळ ओळीने झटके देतं का?’ हा एक प्रश्न त्या दोन भेटींत विचारला गेला तर कितीतरी महिने वाचतील.

सहा महिने ते पाच वर्षं या वयात मात्र आकडीचं सर्वांत मोठं कारण साधा ताप असतो. शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ती कधी ना कधी येते. साध्या तापाच्या आकडीने मेंदूला इजा होत नाही. अशा मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांना ती पुन्हा येते, पण पुढे मिरगी, म्हणजे तापाशिवायही वारंवार आकडी येण्याचा आजार, होण्याचं प्रमाण थोडंसंच वाढतं. शहरातले डॉक्टर एवढं सांगून आई-बापांना निश्चिंत करतात, आणि ते बरोबरच आहे.

एटापल्लीत एवढ्यावर भागत नाही. महाराष्ट्रातल्या हिवतापाचा मोठा वाटा गडचिरोली जिल्ह्याचा, आणि त्यात फाल्सिपेरम जातीचा जंतू भरपूर. हा जंतू शिरलेल्या तांबड्या पेशी मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांना आतून चिकटून बसतात, रक्त अडतं, साखर उतरते आणि आकडी येते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: ताप आणि झटके. फरक दिसतो नंतर. साध्या तापाची आकडी थांबल्यावर लेकरू थोडं झोपतं आणि तासाभरात ओळख दाखवतं, पाणी मागतं. ते उठलंच नाही, हाक मारली तरी डोळा उघडत नसेल, किंवा आकडी पुन्हा आली, तर मेंदूचा हिवताप किंवा मेंदूज्वर धरून चालायचं. बोटातून थेंबभर रक्त घेऊन पट्टीवर करायची तपासणी आशाताईकडेही होते आणि निकाल अर्ध्या तासाच्या आत कळतो. पावसाळा ते हिवाळ्याच्या तोंडापर्यंत इथे तापाबरोबर आकडी आलेल्या प्रत्येक मुलाची ती व्हायलाच हवी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आणि आकडी एकत्र आली तर ‘तापाची असेल’ हा दिलासा कुणी कुणाला देऊ नये. आफ्रिकेतल्या मलावीत मेंदूच्या हिवतापातून वाचलेल्या मुलांचा पाठपुरावा झाला तेव्हा त्यांच्यात पुढे मिरगीचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणून बरं होऊन घरी आलेल्या लेकरावरही काही वर्षं लक्ष ठेवायचं.

प्रत्येक झटका आकडी नसतो, हेही तितकंच खरं. दीड-दोन वर्षांचं मूल रागाने किंवा लागल्यामुळे रडतं, रडता रडता श्वास धरतं, निळं पडतं, लुळं होतं, कधी दोन-चार झटकेही देतं. आधी रडणं, मग निळेपणा, मग झटका, हा क्रम पक्का असेल तर ती बहुधा मिरगी नव्हे. यातल्या पुष्कळ मुलांच्या अंगात लोह कमी असतं आणि लोहाचं औषध दिलं की झटके कमी होतात. सुरजागडच्या खाणीतलं लोहखनिज ट्रकांनी बाहेर जातं त्या तालुक्यात हे लिहावं लागतं, असो.

आणखी एक गैरसमज आशाताईंच्या वाट्याला येतो. सुई दिली, संध्याकाळी ताप चढला, आकडी आली. दोष लसीवर आणि पर्यायाने ताईवर. 2006 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लसीमुळे मेंदू बिघडला असं समजल्या गेलेल्या 14 जणांची जनुकं तपासली. 11 जणांत एससीएन1ए या जनुकात बिघाड सापडला. आजार जन्माआधीच ठरलेला होता. लसीचा ताप हे फार तर निमित्त.

प्रत्यक्ष आकडीच्या वेळी करायचं फार थोडं आहे, आणि न करायचं बरंच. बाळाला कुशीवर वळवा, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. कांदा, चप्पल, लोखंडी किल्ली यांनी आकडी थांबल्यासारखी वाटते, कारण ती तशीही थांबणारच असते. मेळघाटात पोटावर डागण्या देतात, त्या ‘डंब्या’ची कीर्तीही अशीच टिकून आहे. पाच मिनिटं उलटून गेली तर मात्र ती आपोआप थांबेल याची खात्री राहत नाही. तिथून 108 ची गाडी किंवा मिळेल ते वाहन. नाकात फवारायचं मिडाझोलाम हे औषध घरच्यांनाही देता येतं. ज्या मुलाला लांबलेली आकडी एकदा येऊन गेली आहे, त्याच्या आई-बापांनी ते आणि त्याचं माप डॉक्टरांकडून मागून घ्यावं. पुजाऱ्याकडे जाऊ नका, असं सांगून इथे कुणी ऐकत नाही आणि वाद घालून काही मिळतही नाही. तो गावात राहतो, रात्री उठून येतो. आधी रक्ताची तपासणी, मग पुजारी, एवढा क्रम बदलला तरी जीव वाचतात.

घरातली चूल आणि शेकोटी ही आकडी येणाऱ्या मुलाला सर्वांत जवळची धोक्याची जागा. शेजारच्या भामरागड तालुक्यात हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांचा दवाखाना नवा होता, लोक फिरकत नव्हते, तेव्हाच्या सुरुवातीच्या रुग्णांत एक जण मिरगीचा होता. झटका आला तेव्हा तो विस्तवात पडून भयंकर भाजला होता. तो बरा झाला आणि लोक दवाखान्याची वाट चालू लागले. ज्या घरात रांगतं मूल आहे आणि आकडीचा इतिहास आहे, तिथे विस्तवाभोवती बांबूचं कुंपण हवंच.

औषधांची गोष्ट त्यामानाने सोपी आहे. वेस्टच्या आजारावर 2004 साली ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीत दोन आठवड्यांत झटके थांबलेली मुलं संप्रेरकांच्या उपचाराने 73 टक्के, तर व्हिगाबॅट्रिन या औषधाने 54 टक्के होती. आणि त्या संप्रेरकांत प्रेडनिसोलोनही होतं, गल्लीतल्या दुकानात मिळणारं. ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं, पण अडतं ते औषधापाशी नाही, आजार ओळखण्यापाशी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत आकडीचा आजार आहे; अंगणवाडीत येणाऱ्या त्या पथकाला व्हिडिओ दाखवला तरी पुढची चिठ्ठी मिळते. एकदा औषध सुरू झालं की ते मधेच तोडायचं नाही. दोन महिने आकडी आली नाही म्हणजे आजार गेला असं नसतं. औषध काम करतंय एवढंच. अचानक बंद केलं तर न थांबणारी आकडी येऊ शकते. आणि पावसाळ्यात नाले भरले की आतल्या गावांचा रस्ता तुटतो. म्हणून मे महिन्यातच डॉक्टरांना गाव कुठे आहे ते सांगून निदान तीन महिन्यांचं औषध आणि वजन वाढलं तर किती मिली वाढवायचं, हे दोन्ही लिहून घ्यावं.