भावकीची वही

खेड्यात कुणाला विचारा, "आबा, तुमच्या आज्याचं नाव काय? त्याला भाऊ किती?" आबा नाव सांगायच्या आधी तुम्हालाच विचारतात, "का? वाटणीचं काय काढलंय?" त्यांचंही खरं आहे. आपल्याकडे वंशावळ लागते ती तलाठ्याकडे वारसनोंदीला, जातीच्या दाखल्याला, नाहीतर कोर्टात. कुणी पूर्वजांची चौकशी करू लागलं की भावकी सावध होते.

मी कऱ्हाड तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. सासरच्या आणि माहेरच्या पिढ्या वहीत उतरवायला घेतल्या, तेव्हा हा प्रश्न मला ओसरीओसरीवर ऐकावा लागला. म्हणून मी दोन पथ्यं पाळली. गट नंबर विचारायचा नाही, आणि लिहिलेलं वाचून दाखवल्याशिवाय उठायचं नाही. पुढे त्याची झेरॉक्स त्या घरी पोचवायचीच. आपल्या घराचं पान हातात पडलं की माणूस मोकळा होतो, आणि पुढची माहिती बोलावून सांगतो.

कोकणस्थ, देशस्थ घराण्यांत कुलवृत्तांत छापायची रीत जुनी आहे. कुलमंडळ नमुन्याचे कागद घरोघर पाठवतं, माहिती गोळा होते, शाखावार ग्रंथ निघतो. आम्हा शेतकरी घराण्यांच्या पिढ्या मात्र हेळव्यांनी सांभाळल्या. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात जुन्या माणसांना हेळवी नवा नाही. सुगी झाली की तो बैल घेऊन गावात येतो, ठरलेल्या घरी बसतो आणि मूळपुरुषापासून नावं म्हणू लागतो. मूळ गाव कोणतं, तिथून का उठले, कुणाला किती मुलगे, कोण कुठं जाऊन राहिला, सगळं ओळीनं. मागच्या फेरीनंतर झालेले मुलगे चोपडीत घालून घेतो आणि धान्य, पैसे, कापड घेऊन पुढच्या घरी जातो. आमच्या घरी आलेल्या हेळव्यानं वाचता वाचता असा एक भाऊ सांगितला की आमच्यापैकी कुणी त्याचं नाव ऐकलं नव्हतं. तो घरजावई म्हणून वाळवा तालुक्यात गेला होता. त्याचा वंश तिथं आहे, आणि एका रक्ताची दोन घरं एकमेकांना ओळखत नव्हती.

हेळव्याच्या चोपडीत मुलगे येतात, मुली येत नाहीत. सरकारी दप्तरातही फार वेगळं नाही. गाव नमुना 14, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, ते गावच्या जन्ममृत्यूचं जुनं रजिस्टर. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा या बुकांवरची धूळ झटकली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना गावोगाव मागणी आली. मी माझ्या सासऱ्यांच्या आजोबांची नोंद शोधायला तहसिलीच्या रेकॉर्ड रूमला अर्ज केला होता. बस्त्यातून निघालेली पानं कडेला इतकी कुरकुरीत झाली होती की कारकुनानं पानाखाली पुठ्ठा सरकवून ती उलटली. बापाचं नाव, मध्ये 'बिन', मग आज्याचं नाव, जात, आणि रकान्यात एवढंच की मुलगी झाली. मुलीचं नाव नाही. थोडं पुढं त्याच माणसाच्या नावाखाली मृत्यू: त्याची बायको, वय बावीस, कारण बाळंतपण. तिचंही नाव नाही.

त्या बावीस वर्षांच्या बाईनं माझा बराच काळ घेतला. सासरकडच्या कुणालाच ती माहीत नव्हती, कारण घर पुढं चाललं ते दुसऱ्या बायकोपासून. आमच्या शाखेचं पान मी सगळ्या घरांना वाटलं. एका लेकीनं ते आपल्या सासरी नेलं, आणि त्या गावातल्या एका म्हातारीनं आमच्या गावाचं नाव ऐकून निरोप धाडला की त्या घरात आमची एक आत्या दिली होती, पहिल्या बाळंतपणात गेली. तिनं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, माहेरी काय म्हणून हाक मारायचे तेही सांगितलं. लग्नात नाव बदलायच्या चालीमुळं बाईला दोन नावं असतात, आणि माहेरचं नाव माहेरच्याच तोंडी उरतं. पान माझ्या कपाटात राहिलं असतं, तर ती बाई कायमची 'त्याची बायको' राहिली असती.

बायकांची नावं मिळायची आणखी एक चांगली जागा म्हणजे म्हाळाचे दिवस. श्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्या बरोबरीनं आई, आजी, पणजी यांचीही नावं घेतात, आणि आईच्या माहेरचीही घेतात. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराचं भटपण करणाऱ्या गुरुजींकडे पुष्कळदा टिपण असतं. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत तर आपल्या पूर्वजानं अस्थी घेऊन गेल्यावर स्वतःच्या हातानं केलेली सही सापडू शकते. जुन्या खरेदीखतांत, तक्रारअर्जांत बाईच्या नावापुढं 'कोम' लावून नवऱ्याचं नाव येतं, तेही डोळ्यांत तेल घालून वाचावं.

आता माझ्या आग्रहाची गोष्ट. वंशावळी पुष्कळ जण लिहितात, पण नाव कुठून मिळालं ते लिहीत नाहीत. पुढच्या माणसाला ती नुसती नावांची रांग मिळते. त्यातलं कागदावरचं कुठलं, ऐकीव कुठलं आणि तर्कानं बसवलेलं कुठलं, हे त्याला कळायला मार्ग नसतो. आपल्याकडे नातवाला आज्याचं नाव ठेवतात, त्यामुळे एकाआड एक पिढीत तेच नाव येतं आणि दोन माणसं सहज एक होऊन बसतात. दत्तक गेलेला मुलगा दोन ठिकाणी दिसतो. आडनावंही हुद्द्यावरून पालटतात. नाना फडणविसांचं घराणं मुळात भानू. तारखांचंही तसंच. जन्मपत्रिकेत शके 1837, माघ असेल तर 78 मिळवून 1915 लिहितात. पण शक चैत्रात पालटतो, म्हणून तो माघ 1916 सालातला.

माझ्या वहीत प्रत्येक नावापुढं लिहिलेलं असतं: अमक्या चुलत्यांनी अमुक तारखेला सांगितलं, किंवा शाळेच्या जनरल रजिस्टरमधून उतरलं, किंवा कोतवाल बुक, गाव आणि साल. तर्क असेल तिथं 'तर्क' असंच लिहिते. एका आजीची दोन घरांनी दोन नावं सांगितली आणि दोघंही हट्टाला पेटले. मी दोन्ही ठेवली, सांगणाऱ्यांच्या नावानिशी. कोण खरं ते उद्या एखादा कागद ठरवील.

काही गोष्टी नाजूक असतात. आमच्या समाजात विधवेचा पाट लावायची, मोहतूर करायची रीत होती आणि त्यात कमीपणा मानत नसत. आताची मुलं मात्र ते लपवायला बघतात. मी अशी नोंद टाळत नाही, पण आधी त्या घराशी बोलते आणि मगच वाटायच्या प्रतीत घालते. जिवंत माणसांचं वाटायच्या प्रतीत फक्त नाव आणि नातं ठेवते. जन्मतारीख, फोन, कागदपत्रांचे नंबर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकणं मला साफ नामंजूर आहे.

वि. का. राजवाड्यांनी घरोघरची दप्तरं धुंडाळून 1898 पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं छापली. हजारो कागद एकट्या मालकाच्या माळ्यावर न राहता सगळ्यांचे झाले, हे त्यांचं मोठं काम. आता छापखानाही लागत नाही. परदेशातला माझा पुतण्या आमची वंशावळ जेडकॉम नावाच्या फाइलमध्ये भरतो. वंशावळीच्या निरनिराळ्या प्रोग्रॅममध्ये उघडावी म्हणून ही फाइलची पद्धत अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चनं 1984 साली काढली. फाइल असो की झेरॉक्स, ती चार ठिकाणी असावी. मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिट मजुरांची दप्तरं आहेत. त्यांत रत्नागिरी, सातारा भागातून गेलेले लोकही आहेत. त्यांचे वंशज गावाचं नाव घेऊन इकडं मूळ शोधायला येतात. तेव्हा इथल्या कुठल्यातरी वहीत 'परागंदा झाला' म्हणून त्या माणसाची ओळ असायला हवी, आणि ती वही कुणाला तरी दाखवता यायला हवी.

यंदा म्हाळाला भावकी जमेल तेव्हा घरातल्या सगळ्यांत थोरल्या बाईला आधी बसवा. तिची आई, आजी, सासू, आजेसासू यांची नावं आणि माहेरची गावं लिहून घ्या. खाली सांगणारीचं नाव आणि तारीख घाला, एक प्रत तिच्या माहेरी पाठवा आणि एक गावच्या वाचनालयात ठेवा.