संगणकावरचे नक्षीकाम : हे हुनर शिकावे कसे?

साडीच्या खोक्यावरचे लेबल, दुकानाची पाटी, लग्नाची पत्रिका आणि आता दुकानाची वेबसाईट, ही सगळी कामे आमच्या मालेगावात संगणकावरच होतात. कागदावर छापायच्या कामाला ग्राफिक डिझाईन व इंटरनेटवरच्या पानांच्या कामाला वेब डिझाईन म्हणतात. आपल्या बिरादरीतील पुष्कळ मुले-मुली दहावी-बारावीनंतर या धंद्याकडे वळत आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु हजारो रुपये फी भरून आणि प्रमाणपत्र भिंतीवर टांगूनही त्यांतील अनेकांना साधे लेबल धड करता येत नाही, हेही तितकेच खरे आहे. म्हणून हे हुनर नेमके कसे शिकले जाते याचा आज विचार करू. आम्ही स्वतः डिझायनर नाही, कापडाचे व्यापारी आहोत. पण तीस वर्षे या कामाचे गिऱ्हाईक आहोत.

दोन हजार खोकी

काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या साड्यांसाठी दोन हजार खोकी छापून घेतली. डिझाईन ओळखीच्या एका मुलाने केले होते. सहा महिन्यांचा कोर्स करून तो नुकताच बाहेर पडला होता. संगणकाच्या पडद्यावर खोक्याचा पोपटी रंग इतका झगझगीत दिसत होता की आम्ही लगेच पसंती दिली. माल छापून आला तेव्हा तोच रंग मळकट हिरवा झाला होता, आणि पेढीच्या उर्दू नावाची अक्षरे एकमेकांपासून सुटून विखुरली होती. सगळी खोकी रद्दीत गेली.

मुलाला विचारले तर बिचारा म्हणाला, ‘‘चाचा, हे क्लासमध्ये सांगितलंच नव्हतं.’’ खरे तर गोष्ट सोपी होती. संगणकाचा पडदा लाल, हिरवा व निळा अशा तीन प्रकाशांतून रंग दाखवतो. छापखाना मात्र निळी, गुलाबी, पिवळी व काळी अशा चार शायांतून रंग उभा करतो. प्रकाशातले काही रंग शाईत उतरतच नाहीत. शिवाय मुलाच्या संगणकातला उर्दू फॉन्ट छापखान्याच्या संगणकात नव्हता. अक्षरांना ‘कर्व्ह’ करून, म्हणजे त्यांचे चित्रात रूपांतर करून फाईल दिली असती तर ती सुटली नसती. क्लासने त्याला बटणे शिकवली, काम शिकवले नाही. दोष आमचाही होता. सर्वांत स्वस्त माणूस आम्हीच निवडला आणि छापण्यापूर्वी एक प्रत काढून पाहिली नाही.

कातिबांपासून घ्यायचा धडा

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तख्तीवर मश्क करायची, उस्तादांनी इस्लाह करायची, मग तोच शब्द पुन्हा लिहायचा, अशी ती रीत होती. नस्तालीक लिपीत अक्षराची लांबी-रुंदी कलमाच्या नुक्त्याने मोजतात. किती नुक्त्यांचा अलिफ, किती नुक्त्यांची बे, हे ठरलेले असते. सुंदर अक्षराच्या मागेही असे माप असते, हे आम्हाला तेथेच कळले.

पुढे संगणक आला. 1981 साली कराचीचे मिर्झा अहमद जमील यांच्या अक्षरांवरून मोनोटाईप कंपनीने ‘नूरी नस्तालीक’ तयार केले. 1994 साली ‘इनपेज’ आले आणि उर्दू मजकूर टेबलावरच्या संगणकात जुळवता येऊ लागला. बटर पेपरवर लिहिणाऱ्या कातिबांच्या रोजीवर गदा आली. मात्र आम्ही एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. आमच्या ओळखीच्या दोन कातिबांनी वयाच्या चाळिशीत माऊस हातात धरला आणि काही महिन्यांत त्यांच्या पत्रिका इतरांपेक्षा देखण्या निघू लागल्या. टायपिंगमध्ये तरबेज असलेल्या पोरांची पाने मात्र खच्चून भरलेली असत. कातिबांची नजर आधीच तयार होती, त्यांना फक्त नवे औजार शिकायचे होते. पोरांजवळ औजार होते, नजर नव्हती.

वेबवाले कसे शिकले?

वेबची गोष्टही अशीच आहे. टिम बर्नर्स-ली यांनी 1991 साली स्वित्झर्लंडमधील सर्न या संस्थेत पहिली वेबसाईट जगासमोर ठेवली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाले. सुरुवातीच्या त्या वर्षांत या कामाचे शिक्षण देणारी महाविद्यालये नव्हतीच म्हटले तरी चालेल. मग लोक शिकले कसे? कोणतेही वेबपान उघडल्यावर त्यामागचा मूळ मजकूर, म्हणजे कोड, पाहण्याची सोय ब्राऊझरमध्ये होती आणि ती आजही आहे. चांगले पान दिसले की लोक त्याची शिवण उसवून पाहत, तसेच पान स्वतः बांधत आणि चुकले की दुरुस्त करत. शिंप्याचा शागिर्द जुना कोट उसवून कटिंग शिकतो, तोच हा प्रकार.

वेबपानाचा मजकूर एचटीएमएलमध्ये लिहितात आणि त्याचा पेहराव सीएसएसमध्ये ठरतो. 2003 साली कॅनडाच्या डेव्ह शे यांनी ‘सीएसएस झेन गार्डन’ नावाचे एक पान सुरू केले. मजकूर एकच ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही आणि फक्त पेहराव बदलून दाखवायचा, असे त्याचे आव्हान होते. जगभरच्या लोकांनी त्या एकाच मजकुराला नाना रूपे दिली. कापडाच्या धंद्यातील माणसाला हे समजावून सांगायला नको. थान एकच असते, कटिंग निराळे.

आज कोणते मार्ग आहेत?

ज्याला पूर्ण शिक्षण घेणे शक्य आहे त्याने मुंबईच्या सर जे. जे. उपयोजित कला संस्थेसारख्या ठिकाणी बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन पदवी घ्यावी. शाळेत असतानाच एलिमेंटरी व इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षा दिल्यास हात तयार होतो. आयटीआयमध्ये ‘डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटर’ हा ट्रेड आहे. 1996 पासून काम करणाऱ्या राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेने कॅलिग्राफी व ग्राफिक डिझाईनची केंद्रे स्थानिक संस्थांमार्फत चालवली आहेत. आपल्या गावात असे केंद्र चालू आहे काय, याची चौकशी जरूर करावी. एमएस-सीआयटी उपयोगी आहे, पण त्यात संगणकाची सामान्य ओळख होते, डिझाईनचे शिक्षण नव्हे.

पैसे नसतील तरी अडून बसण्याचे कारण नाही. गिंप, इंकस्केप व स्क्रायबस ही सॉफ्टवेअरे विनामूल्य मिळतात. पहिले फोटोंच्या कामाचे, दुसरे लेबल-चिन्हांचे आणि तिसरे पाने जुळवण्याचे. महागड्या सॉफ्टवेअरची चोरीची प्रत वापरून धंद्याची सुरुवात करणे आम्हाला योग्य वाटत नाही. दुसऱ्याची मेहनत चोरून आपल्या मेहनतीचे दाम कोणत्या तोंडाने मागणार?

क्लास लावायचा असेल तर फी भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. जुन्या विद्यार्थ्यांनी केलेले आणि खरोखर छापलेले काम दाखवाल काय? शिकवणारे स्वतः गिऱ्हाईकांची कामे करतात काय? मुलाने केलेले काम तपासून त्यातील चुका कोणी दाखवणार काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर तेथून सरळ उठावे. इस्लाहशिवाय मश्क म्हणजे तीच चूक रोज गिरवणे होय.

शिकणाऱ्याने रोज एक चांगले लेबल किंवा जाहिरात समोर ठेवून तिची हुबेहूब नकल करावी. ही नकल शिकण्यासाठी असते, विकण्यासाठी नव्हे. अक्षर केवढे आहे, मोकळी जागा किती सोडली आहे, नजर आधी कोठे जाते, हे मोजून पाहावे. मग आठवड्यातून दोन दिवस छापखान्यात बसावे. चार इंच रुंद फोटो छापायचा तर दर इंचाला 300 ठिपक्यांप्रमाणे 1200 ठिपक्यांची रुंदी लागते. व्हॉट्सॲपवरून आलेला लहान फोटो तेथे फाटतो. कागद कापताना पांढरी कड राहू नये म्हणून रंग चारही बाजूंनी तीन मिलिमीटर बाहेर न्यावा लागतो. या गोष्टी मशीनजवळ उभे राहिल्यावर एका दिवसात कळतात. वेब शिकणाऱ्याने आपले पान साध्या, स्वस्त मोबाईलवर उघडून पाहावे, कारण गिऱ्हाईक तेथेच पाहणार आहे.

आपल्या मुलांजवळ एक पुंजी अशी आहे की तिची त्यांना कल्पना नसते. महाराष्ट्रातील उर्दू शाळेतला विद्यार्थी उर्दू, मराठी व इंग्रजी अशा तीन लिप्या वाचतो. उजवीकडून डावीकडे चालणारे उर्दू पान, काना-मात्रांनी भरलेले मराठी पान आणि इंग्रजी पान, तिन्ही शुद्ध जुळवणारा कारागीर सहज मिळत नाही. मुलींनाही हे काम घरबसल्या करता येते. त्यांची फी भरताना हात आखडता घेऊ नये.

दोन शब्द व्यापारी बंधूंसाठी

शेवटी आमच्याच बिरादरीला, म्हणजे व्यापाऱ्यांना सांगणे आहे. ‘‘एक लेबलच तर आहे, पाच मिनिटांचं काम, पैसे कसले?’’ असे आपण म्हणतो. मग मूल शिकणार कोठे आणि टिकणार कसे? विणकराला मजुरी देतो, रंगारी फुकट राबत नाही, मग डिझाईन करणाऱ्यानेच का राबावे? ज्या मुलाने आमची दोन हजार खोकी बिघडवली, त्याला आम्ही पुढे छापखान्यात नेऊन बसवले आणि दुसरे काम मोबदला ठरवून दिले. आज आमची सगळी खोकी तोच करतो, आणि छापण्यापूर्वी एक प्रत हातात आणून देतो. ते दोन हजार खोक्यांचे नुकसान आम्ही आता त्याच्या आणि आमच्या, दोघांच्या फीमध्ये धरतो.